अडतीस सेंटीमीटर

माझ्या लग्नात दोरैनं पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. मद्रासजवळच्या तांबरमचा कल्याण मंडपम, नादस्वरमवाल्यांनी सूर धरलेला, मराठी भटजी खास आवडी गावाहून आणलेले, अंतरपाट धरलेला, आणि हा सव्वासहा फुटी गोरा म्हातारा धोतरासारखी वेष्टी सावरत गुडघ्यांवर बसून खुर्च्यांचे पाय चाचपतोय. माझ्या सासुरवाडीच्या एका आत्याबाईंनी विचारलंच, या साहेबांचं काही हरवलंय का? काय सांगणार? खुर्ची दिसली की आधी ती उलटी करायची, ही त्याची सवय होती. बँकेत, दवाखान्यात, हॉटेलात, कुठेही. खुर्चीचा चेहरा खालच्या बाजूला असतो असं तो म्हणायचा. चारही खुर्च्या पाहून झाल्यावर तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला आणि पूर्ण लग्न त्यानं उभ्यानं पाहिलं.

दोरै म्हणजे तमिळमध्ये गोरा साहेब. वर्कशॉपमधले सगळे त्याला आपसात हेच म्हणत, तोंडावर सर. मी सव्वीस वर्षं सर म्हटलं आणि घरी मराठीत बोलताना 'ते' म्हटलं. आता ते नाहीत, तेव्हा मी 'तो' म्हणणार आहे. एवढी मोकळीक मी घेतो.

तो डेन्मार्कचा. कोपनहेगनला शिकला, आर्किटेक्ट झाला, तिशीच्या आत एक वाचनालय आणि दोन शाळा बांधल्या, आणि मग एक खुर्ची केली. सागाची, बारीक हातांची, पाठीला एकच वळवलेली पट्टी, बैठक वेताची विणलेली, पाय खाली निमुळते होत गेलेले. जमिनीपासून बैठकीची पुढची कड अडतीस सेंटीमीटर, म्हणजे नेहमीच्या खुर्चीहून चांगली चार बोटं खाली. खुर्ची गाजली. तिकडच्या एका मोठ्या कंपनीनं ती देशोदेशी विकली, आणि एका वर्षी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना उठताना त्रास होतो म्हणून त्याला न विचारता बैठक दोन सेंटीमीटर उचलली. यानं करार मोडला. तेवढ्यात मद्रासला एका वसतिगृहाचं सहा महिन्यांचं काम आलं, ते घेऊन इकडे आला आणि परत गेलाच नाही. माणसं पोटासाठी देश सोडतात, बाईसाठी सोडतात. यानं दोन सेंटीमीटरसाठी सोडला, आणि हे तो अभिमानानं सांगायचा.

मी त्याच्याकडे लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझे वडील कराडकडचे, आवडीच्या संरक्षण कारखान्यात फिटर. मी तिथेच क्वार्टर्समध्ये वाढलो, तमिळ शाळेत शिकलो, ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केला. ईसीआरवर, म्हणजे मद्रासहून दक्षिणेला जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, कोवलमच्या थोडं अलीकडे एका डॅनिश माणसाचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, त्याला नकाशे काढणारा हवा आहे, हे कळलं सेतुमाधवरावांकडून. हे तिथले मॅनेजर, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी. त्यांची नि वडिलांची ओळख आवडीच्या गणेशोत्सवातली. मुलाखतीला गेलो तर दोरैनं माझी सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. एका खुर्चीकडे बोट दाखवलं, "बस" म्हणाला आणि निघून गेला. मी तीन तास बसलो. परत आल्यावर त्यानं विचारलं, कुठे दुखतं? त्याचीच खुर्ची ती, मी म्हटलं, कुठेच नाही सर, फार आरामाची आहे. तो म्हणाला, "खोटं बोललास. उद्या ये." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन तास. या वेळी मी म्हटलं, डाव्या खांद्याच्या पात्याखाली दुखतं. नोकरी मिळाली. ती खुर्ची त्यानं त्याच आठवड्यात मोडून पाठीची पट्टी बदलली.

या एका गोष्टीवर मी पुढे पुष्कळ वर्षं त्याला माफ करत आलो.

तो स्वतः दिवसभर उभ्यानं काम करायचा, छातीएवढ्या उंच टेबलाशी. नकाशा नेऊन ठेवला की दोन मिनिटं पाहायचा आणि म्हणायचा, "एक रेघ कमी कर." कुठली ते सांगायचा नाही. एकदा मी वैतागून तोच कागद, काहीही न बदलता, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. तो म्हणाला, "आता दोन कमी कर." साडेअकराला दहीभात, काट्यानं. मंगळवारी सकाळी सायकलनं कोवलमला, होड्या लागल्या की स्वतः उतरून मासे घ्यायचे. तमिळ त्याला आकड्यांपुरतंच येत होतं, पण कोळणी त्याला फसवत नसत. संध्याकाळी सहाला मात्र तो त्याच्या खोलीत जाऊन आपल्या खुर्चीत बसायचा. ती त्यानं इकडे आल्या आल्या स्वतःच्या हातानं केलेली पहिली खुर्ची, कंपनीनं बिघडवलेली उंची परत अडतीसला आणलेली. तिच्यात दुसरं कोणी बसत नसे. बसताना तो हात टेकत नसे, सरळ खाली जाई. म्हणायचा, "खुर्चीत बसायचं म्हणजे थोडं हरायचं. ज्याला हरायचं नाही त्यानं उभं राहावं."

त्याच्या बोटांबद्दल सांगायला हवं. आमचे मुख्य सुतार, ज्यांना सगळे नुसतं आसारी म्हणत, खुर्चीचा हात घासून त्याच्यापुढे धरत. हा डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचा आणि मध्येच थांबायचा. आम्हाला काही दिसत नसे. आसारी तिथे पेन्सिलीची खूण करत, पुन्हा घासत, आणि कधी कधी कागदाच्या जाडीएवढा फुगवटा खरंच सापडे. एक हात एकोणीस वेळा परत आला होता. आसारींच्या घरात सात पिढ्या लाकडाचं काम, मंदिराचे रथ केलेली माणसं ती, पण या गोऱ्याच्या बोटाला ते मानत. घरी जाताना मला धाकट्या भावासारखं हाक मारून म्हणत, तंबी, याच्या बोटात डोळा आहे.

आणि त्याचं चांगलं काम मी पाहिलेलंच नाही असंही नाही. इरुंगाट्टुकोट्टैला एका सुट्या भागांच्या कारखान्यात त्यानं कामगारांचं कँटीन बांधलं होतं. त्याच्या खिडक्या एवढ्या खाली की उभ्या माणसाला बाहेरचं काही दिसत नसे, पण बसलं की समोर चिंचेची झाडं. आठ तास मशीनपाशी उभा राहणारा माणूस बसल्यावर त्याला हिरवं दिसलं पाहिजे, आणि साहेब लोक राउंडला आले की त्यांना काही दिसता कामा नये, असा त्याचा हिशेब. दर वर्षी तो मला घेऊन तिथे जायचा, कामगारांच्या बाकावर बसून सांबारभात खायचा आणि त्यांना विचारायचा, कुठे दुखतं? एका वर्षी गेलो तर खिडक्या विटांनी बुजवलेल्या, पुढे कसली तरी शीतपेटी ठेवलेली. परतीच्या वाटेवर, श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, मी पाहिलं तर रडत होता. मला तेव्हा वाटलं की कामगारांसाठी इतका जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्याकडे दहा वर्षं झाली की प्रत्येकाला एक खुर्ची मिळे. माझी मिळाली तेव्हा वडील निवृत्त होऊन आईसह माझ्याकडे तांबरमला राहायला आले होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी खुर्ची वर नेली तर वडिलांनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, मग तीही उलटी केली. म्हणाले, "स्क्रू एकसुद्धा नाही रे. हा माणूस फिटर पाहिजे होता." त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही. त्या दिवसापासून ती त्यांचीच झाली. पेपर तिच्यात, चहा तिच्यात, दुपारची डुलकी तिच्यात. माझ्या लग्नात त्यांची नि दोरैची भेट झाली होती, दोन वाक्यांची. पण वडील त्याच्याबद्दल बोलत ते जुन्या दोस्ताबद्दल बोलावं तसं. कारखान्यात तीस वर्षं मायक्रोमीटर हाताळलेला माणूस. मापाला जागणारा दुसरा माणूस मिळाला की त्यांना बरं वाटे.

पाच वर्षांनी वडील न्हाणीघरात पडले. खुब्याचा सांधा बदलावा लागला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, खाली बसायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. वॉकर घेऊन चालायला लागल्यावर ते पहिल्यांदा गेले ते त्या खुर्चीकडे, आणि बसायच्या आधीच थांबले. मी धरायला गेलो तर नको म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं होतं की यात बसलो तर उठणं होणार नाही.

मी दोरैकडे गेलो. त्याच्या वेळेला, साडेअकरानंतर, दहीभात झाल्यावर. म्हटलं, सर, वडिलांचं असं असं झालं आहे. आसारींना सांगून त्यांच्यासाठी एक खुर्ची पाच सेंटीमीटर उंच करून घेऊ का? सुटीच्या दिवशी करू, लाकूड मी आणतो. त्यानं नकाशावरून मानही वर केली नाही. म्हणाला, "तुझ्या वडिलांना दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची हवी आहे." एवढंच. मी माझ्या टेबलाशी परत आलो.

मी घरी काही सांगितलं नाही, पण वडिलांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. ते म्हणाले, चार ठोकळे आण. आसारींचा मेहुणा तंजावरला वीणा करायचा. त्याच्याकडचे फणसाच्या लाकडाचे तुकडे आसारींनी दिले, हळदीसारखे पिवळेजर्द. वडिलांनी खाटेच्या कडेला बसून आठवडाभर त्यांच्यावर काम केलं. प्रत्येक ठोकळ्याला वरून पायाच्या टोकाच्या मापाची खोबण. आमच्या खोलीची फरशी एका कोपऱ्यात किंचित उतरती, म्हणून प्रत्येक ठोकळ्याची उंची केसभर वेगळी. कुठला कुठे जायचा हे चुकू नये म्हणून त्यांनी ट्रंकेतून आकड्यांचे जुने पोलादी पंच काढले आणि प्रत्येकाच्या तळाला ठोकून नंबर घातला, एक ते चार. कारखान्यात सुट्या भागांवर घालतात तसा. खुर्ची ठोकळ्यांवर बसली, हलली नाही, डुगडुगली नाही. वडील तिच्यात बसले, हातांवर जोर देऊन एकट्यानं उठले, पुन्हा बसले. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा उठून दाखवलं.

मग एका रविवारी सकाळी दोरै आला. वडिलांना पाहायला. सेतुमाधवराव बरोबर, हातात नेंद्रम केळ्यांचा घड. दोन जिने चढून त्याला धाप लागली होती. वडील खुर्चीत होते. त्याला पाहून त्यांना इतका आनंद झाला की वॉकर न मागता उठले, दाराच्या चौकटीला धरून बाजूला झाले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, सर, फिटिंग बघा.

दोरै गुडघ्यांवर बसला. एकेक पाय उचलून त्यानं एकेक ठोकळा काढला, उलटा केला, तळाच्या नंबरावरून अंगठा फिरवला. खोबणीत बोट घातलं. डोळे मिटले. वडील त्याच्या तोंडाकडे पाहत होते. परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

तो म्हणाला, "काम उत्तम आहे." वडील हसले.

मग त्यानं चारही ठोकळे आपल्या कापडी पिशवीत टाकले आणि उठून म्हणाला, "पण ही खुर्ची आता माझी नाही. तुमचीही नाही." आणि माझ्याकडे वळून, "खाली गाडीत ठेव."

मी ठेवली. हे मला लिहायचं होतं, बाकी सगळं त्याच्या मागून आलं. खुर्ची खांद्यावर घेतली, दोन जिने उतरलो, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली, तिचा हात घासू नये म्हणून खाली फडकं घातलं. दोरै माझ्या मागून उतरला आणि गाडीत बसला. आई आतून कॉफी घेऊन आली तेव्हा खोलीत कोणी पाहुणा नव्हता, फक्त सेतुमाधवराव. मी वर आलो तर वडील अजून चौकटीला धरून तसेच उभे. वॉकर आतल्या खोलीत, आणि बाहेर त्यांना बसता येईल असं काहीच उरलं नव्हतं. रावांनी शेजाऱ्यांकडून एक निळी प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. ती बरोबर उंचीची होती.

उतरताना जिन्यात राव मला म्हणाले, "तो मनुष्य लबाड नव्हे हो. खरेपणाचा त्यास ज्वर आहे. ज्वरांत मनुष्यास समोरचा दिसत नाही." मी म्हटलं, मला तरी कुठे दिसला?

वडील त्यावर कधी बोलले नाहीत. दोस्ताबद्दल बोलणं मात्र थांबलं. पुढची दोन वर्षं ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तिच्यातच एका दुपारी गेले. पंच परत ट्रंकेत गेले होते.

मी नोकरी सोडली का? नाही. लोक विचारतात तेव्हा मी मुलांची शिक्षणं वगैरे सांगतो. खरं म्हणजे त्याच्या हाताखाली रेघ मारायची सवय लागली की दुसरीकडे हात चालत नाही. वडिलांच्या तेराव्यानंतर कामावर गेलो तर त्यानं विचारलं, "दमलास का?" मी नाही म्हटलं. त्यानं समोर कागद ठेवला, आणि मी एक रेघ कमी केली.

आणखी तीन वर्षांनी त्याची पाळी आली. ऐंशी ओलांडली होती. पाय सुजलेले, साखर वाढलेली, बोटं बधिर होत चालली आहेत असं डॉक्टरांनी रावांना सांगितलं होतं. सायकल सुटली, कोवलमला रिक्षानं जायला लागला. संध्याकाळी सहाला तो आपल्या खुर्चीत बसायचा, पण आता उठायला त्याला वेळ लागे. एकदा आम्ही सातला निघायच्या वेळी त्याच्या खोलीतून काही पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर तो खुर्चीच्या पुढे जमिनीवर, हातावर भार देऊन. आम्ही उचलायला गेलो तर म्हणाला, जमीन तपासतोय. कोणी हसलं नाही. उंच खुर्ची आणायचं कोणी सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आसारी मला लाकडांच्या ढिगामागे घेऊन गेले. म्हणाले, "तंबी, खुर्चीचे पाय वाढवू या. एका वेळी चार मिलिमीटर. त्याला कळणार नाही."

आसारींना त्याची कीव आली होती. मला आली नव्हती, हे कबूल करतो. मला त्याची बोटं फसवायची होती. तो रोज संध्याकाळी एका खोट्या उंचीवर बसेल, आपलीच खुर्ची समजून बसेल, आणि मला ते माहीत असेल, एवढ्यासाठी मी हो म्हटलं.

तो मंगळवारी मासे आणायला गेला की आम्ही खुर्ची उलटी करायचो. आसारींनी त्याच्याच जुन्या सागाच्या फळीतून चकत्या काढल्या, रेघ रेघेला जुळेल अशा. चिकटवायच्या, निमुळत्या उतारावर घासायच्या, रंग जुळवायचा, खाली पूर्वीसारखं लोकरीचं नमद्याचं गोल ठिगळ. प्रत्येक पायाला महिन्याला एक. पायाच्या टोकाशी नख लावलं तरी सांधा लागत नसे. अकरा महिन्यांत अकरा चकत्या, चव्वेचाळीस मिलिमीटर. मग आसारी म्हणाले, बस, आता तो उठतो. आणि खरंच तो उठायला लागला. दोन्ही हातांवर जोर देऊन, वडील उठायचे तसा.

त्याला कळलं नाही. रोज संध्याकाळी मी निघताना त्याच्या दारात थांबून पाहायचो. तो बसलेला असे, बधिर बोटं खुर्चीच्या हातावरून फिरत असत, आणि मला आतून एक घाणेरडा आनंद होई. पुढच्या वर्षी आसारी काम सोडून कांचीपुरमकडे आपल्या गावी गेले. तो आणखी चार वर्षं जगला. शेवटच्या दिवसापर्यंत त्या खुर्चीतून स्वतः उठत होता. तो गेल्यावर डेन्मार्कहून त्याची पुतणी आली, तमिळ सुतारांना कोणालाच समजलं नाही असं एक गाणं म्हणाली आणि गेली. वर्कशॉप आम्ही चौघंजण कसंबसं चालवतो. सेतुमाधवरावही आता नाहीत.

या वर्षी पोंगलनंतर कंपनीची एक बाई आली. ज्या कंपनीशी भांडून त्यानं देश सोडला तीच कंपनी. ते आता ती खुर्ची मूळ उंचीला परत काढणार आहेत, अडतीस सेंटीमीटरला, आणि जाहिरातीत तेच सांगणार आहेत. पुतणीनं त्यांना त्याची स्वतःची खुर्ची दिली होती. तीच नमुना म्हणून तिकडे जाणार. तरुण बाई, फार नम्र, पांढरे हातमोजे घातलेली. तिनं टेप लावला, भुवया उंचावल्या, पुन्हा लावला. मग दिवा आणि भिंग घेऊन पायांशी अर्धा तास बसली आणि पहिल्या चकतीचा सांधा तिनं शोधून काढलाच. मला म्हणाली, कोणीतरी अडाणी दुरुस्ती केली आहे, तुम्हाला काही माहीत आहे का?

मी म्हटलं, नाही. तिनं कागदावर लिहिलं, नंतरची भर, कर्ता अज्ञात, आणि मी त्याखाली सही केली. मग तिनं विचारलं की एवढी भर काढून द्याल का, तुमचा हात चांगला आहे असं ऐकलं आहे. मी बारीक दातांची करवत घेतली आणि तिच्या देखत चारही पाय सांध्यावर कापले. खुर्ची अडतीसवर आली. तिनं टाळ्या वाजवल्या. मी ती गाडीपर्यंत नेली, आणि सवयीनं हाताखाली फडकं घातलं.

कापलेले चार तुकडे टेबलावर पडले होते, कुठला कुठल्या पायाचा याची पेन्सिलीची खूण मी कापतानाच केलेली. ते मी घरी आणले. का आणले सांगता येत नाही; आसारींचं काम होतं, टाकवेना. रात्रीच्या जेवणाआधी मी एक हातात घेऊन चकत्या मोजत बसलो. कापलेल्या तोंडाकडून रेघा दिसत होत्या. अकरा मोजून झाल्या आणि खाली अजून एक राहिली. दुसरा घेतला. त्यातही बारा. आसारींना फोन लावला. त्यांना आता नीट दिसत नाही, पण आकडे पक्के आहेत. म्हणाले, अकरा, तंबी, मी अकराच लावल्या, आणि मी गावी आल्यावर तिथे कोण लावणार?

मी नमद्याचं ठिगळ नखानं सोडवलं. खाली रंग दिलेलं लाकूड. त्यावर पॉलिश पेपर दोनदा फिरवला तर आतून पिवळं निघालं. हळदीसारखं पिवळं. चकती थोडी वाकडी बसली होती, सरस एका बाजूनं बाहेर आलेला, बधिर बोटांनी एकट्यानं केलेलं काम. आणि मध्ये, पंचानं ठोकलेला, स्वच्छ, आकडा तीन.

बाकीचे तीन सोडवले. एक, दोन, चार. डावा-उजवा, पुढचा-मागचा चुकलेला नव्हता. वडिलांनी ज्या पायाला जो नंबर दिला होता, त्यानं तो त्याच पायाला लावला होता.

म्हणजे त्याला माहीत होतं, बहुधा पहिल्या मंगळवारपासून. मी दारात उभा राहून त्याला फसवल्याचा आनंद घेत होतो तेव्हा तो मला पाहत होता आणि बसून राहत होता. आणि अकरा चकत्याही पुरेनाशा झाल्या तेव्हा त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलेली ती पिशवी काढली, माझ्या वडिलांच्या ठोकळ्यांचे तळ कापले आणि स्वतःच्या खुर्चीच्या पायांखाली लावले. माझ्याजवळ एक शब्द बोलला असता तर? त्याला लाज वाटली असेल, पश्चात्ताप झाला असेल, सेतुमाधवराव असते तर म्हणाले असते, ज्वर उतरला. असेल. पण आमच्या खोलीतून ते ठोकळे नेले तेव्हापासून वडील दोन वर्षं जिवंत होते. पिशवी त्याच्याकडे होती, खुर्ची त्याच्याकडे होती, गाडी होती, आणि तांबरम काही डेन्मार्कात नाही.

बायको म्हणाली, ते तुकडे देवाजवळ ठेवा. मी ते ट्रंकेत पंचांशेजारी ठेवले. तिकडे कुठल्या तरी काचेमागे त्याची खुर्ची अडतीस सेंटीमीटरवर उभी असेल, आणि लोक तिच्यापुढे उभे राहून म्हणत असतील की या माणसानं कधी तडजोड केली नाही. त्याला उठायला माझ्या वडिलांनी मदत केली. वडील मात्र माझ्या डोळ्यांपुढे अजून चौकटीला धरून उभेच आहेत, मी खुर्ची खाली ठेवून वर येण्याची वाट पाहत.